नाव एकच, माणूस दुसरा

दोन कंपन्या एकत्र आल्या, पण संगणकांची जाळी अजून वेगळीच. अशा वेळी सामायिक फोल्डर उघडताना ‘प्रवेश नाकारला’ असे दिसले की हात आधी परवानग्यांच्या यादीकडे जातो. दोष मात्र बहुधा तिथे नसतो, ओळखीत असतो. विंडोज डोमेनमध्ये खाते नावाने नव्हे, एसआयडी या क्रमांकाने ओळखतात. दोन्हीकडे ‘लेखा’ नावाचे खाते असले तरी क्रमांक निराळे, म्हणजे सर्व्हरच्या लेखी माणसेही निराळी. डोमेनांत विश्वासाचे नाते नसेल तर ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीचे तिकीट चालत नाही. मग जुनी एनटीएलएम पद्धत पुढे येते. अपरिचित डोमेनचे नाव बाजूला ठेवून सर्व्हर त्याच नावाचे खाते आपल्याकडे शोधतो, आणि पासवर्डही जुळला तर दार उघडते. म्हणूनच काल सुरळीत चाललेली वाट एका बाजूचा पासवर्ड बदलताच बंद होते.

‘एव्हरीवन’ या गटाला मुभा द्या, असे कोणी सुचवेल. पण विंडोज एक्सपीपासून मूळ मांडणीत अनामिक वापरकर्ता त्या ‘सर्वां’त धरलाच जात नाही (नावावर जाऊ नये!). मग दोन डोमेनांत विश्वासच जोडावा? एका फोल्डरसाठी तो फार मोठा सौदा. त्यापेक्षा सर्व्हरवरच मोजक्या अधिकारांचे खाते काढावे आणि जोडताना सर्व्हरच्या नावासह तेच द्यावे. तरीही १२१९ क्रमांकाची त्रुटी आली, तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने आधीची जोडणी उघडी आहे. ती तोडून पुन्हा जोडावे.