हस्तव्यवसायातून इतिहासाध्यापन : ममीकरणाचा पाठ

प्राचीन इजिप्तमधील ममीकरण हा मुलांना विशेष आकर्षून घेणारा विषय होय. त्याच्या अध्यापनात बाहुलीभोवती कापडाच्या किंवा कागदाच्या पट्ट्या गुंडाळण्याची कृती सर्रास योजली जाते. तथापि या कृतीतून मुलाच्या हाती ममीचे केवळ बाह्यरूप येते. मृतदेह हजारो वर्षे टिकला कसा, हा मूळ प्रश्न अस्पर्शितच राहतो. १९३७ साली वर्धा येथे पुढे आलेल्या शिक्षणयोजनेत हस्तव्यवसाय आणि ज्ञानविषय यांच्या समवायावर भर होता. हस्तव्यवसायातूनच ज्ञान उलगडले पाहिजे, ही त्यामागील अपेक्षा. या कसोटीवर पट्ट्या गुंडाळण्याची कृती उणी पडते.

ममीकरणाचे मर्म शुष्कीकरणात आहे. देह कुजविणाऱ्या सूक्ष्मजंतूंना ओलावा लागतो. तो काढून घेतला की कुजणे थांबते. राजवंशपूर्व काळी वाळवंटातील उथळ खड्ड्यांत पुरलेले देह तप्त वाळूनेच सुकत. शवपेटीत ठेवलेल्या देहाला वाळूचा हा लाभ मिळेना. तेथे कृत्रिम उपाय हवा होता. म्हणून फुप्फुसे, यकृत, जठर व आतडी बाहेर काढीत, हृदय मात्र सामान्यतः जागीच ठेवीत, आणि देह सुमारे ४० दिवस नेट्रन या क्षारात झाकीत. सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट हे त्याचे मुख्य घटक असून त्यात मीठही असे. संपूर्ण विधीस सुमारे ७० दिवस लागत.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याची सोय मुंबई उपनगरातील शिक्षकाला सहज उपलब्ध आहे. अंधेरीजवळील वेसावे आणि बोरिवलीपलीकडील गोराई येथील कोळीवाड्यांत ऊनवाऱ्यावर सुकणारे बोंबील मुलांच्या परिचयाचे असतात. वाळूत आपोआप सुकलेल्या देहांची कल्पना त्यांवरून देता येते. मीठ लावून सुकविलेल्या मासळीवरून नेट्रनचे कार्य समजते. मुलुंड-कांजूर भागातील मिठागरांचा इतिहासही येथे ओघानेच येतो.

प्रत्यक्ष कृती साधी आहे. सफरचंदाच्या दोन समान फोडी तोलून घ्याव्यात. एक फोड मीठ व खाण्याचा सोडा यांच्या समभाग मिश्रणात पूर्ण बुडवावी, दुसरी तशीच पेल्यात ठेवावी. आठवड्याने दोन्ही पुन्हा तोलाव्यात व वजनांतील घट वहीत नोंदवावी. दुसऱ्या फोडीवाचून हा प्रयोग निष्फळ होय. कारण तुलनेशिवाय क्षाराचा परिणाम सिद्ध होत नाही. पावसाळ्यात मिश्रणालाच पाणी सुटते, म्हणून हा पाठ दिवाळीनंतर घेणे इष्ट. बोंबील पावसाळ्यात का सुकवीत नाहीत, याचे उत्तरही त्यातच मिळते. यानंतर जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. इजिप्तमध्ये जवसाच्या धाग्याचे कापड व राळ वापरीत, हे त्या वेळी सांगावे.

येथे एका धोक्याची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. ममी ही भयकथेतील वस्तू नव्हे. तो एका माणसाचा देह आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१२-१३ साली ब्रिटिश म्युझियमचे एक प्रदर्शन भरले होते. त्यात कर्नाक येथील नेसपेरेन्नुब या पुजाऱ्याच्या, सुमारे २,८०० वर्षांपूर्वीच्या ममीचे अंतरंग वेष्टन न सोडता, क्ष-किरण छायाचित्रणाने दाखविले होते. त्याच्या मस्तकाला मातीचे एक ओबडधोबड भांडे चिकटलेले आढळले. राळ ओतताना ते चुकून चिकटून राहिले असावे, असा तर्क आहे. कारागिराच्या हातून झालेली ही चूक मुलांना चटकन भिडते. स्वतःच्या हातांनी मिश्रण सांडलेले मूल त्या कारागिराला आपोआप ओळखते.

नाव टिकले तर माणूस टिकतो, अशी इजिप्शियनांची श्रद्धा होती. म्हणून पाठाच्या अखेरीस मुलाच्या वहीत फोडीच्या वजनांच्या नोंदीखाली नेसपेरेन्नुब हे नावही लिहिले गेले, तर विज्ञान आणि इतिहास या दोहोंचेही प्रयोजन साधले असे म्हणता येईल.