पाणी उपसण्याच्या इंजिनातील हवा व इंधन यांचे प्रमाण

चामोर्शी तालुक्यात धान निसवण्याच्या सुमारास पावसाने ओढ दिल्यास बोडीतून, नाल्यातून किंवा वैनगंगेतून इंजिनाने पाणी उपसून बांध्यांस द्यावे लागते. अशा वेळी इंजिन अडल्यास दाणे पोचट राहतात.

पेट्रोलच्या इंजिनात १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. हे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये तयार होते. हवा कमी पडल्यास काळा धूर निघतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते व इंधन वाया जाते. हवा अधिक झाल्यास इंजिन तापते, अडखळते व प्लग पांढरट दिसतो.

काळा धूर दिसताच स्क्रू फिरवू नये. प्रथम हवेची गाळणी स्वच्छ करावी व चोक पूर्ण उघडा असल्याची खात्री करावी. त्यानंतर इंजिन गरम झाल्यावर, कमी वेगावर, मिश्रणाचा स्क्रू दोन्ही बाजूंस थोडाथोडा फिरवावा व इंजिन जेथे सर्वांत जलद व एकसारखे चालेल तेथे ठेवावा.

डिझेल इंजिनास कार्ब्युरेटर नसतो. गाळणी साफ करूनही धूर राहिल्यास त्याचा इंजेक्टर जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावा.

इंजिन विहिरीत उतरवून किंवा बंद खोलीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, परंतु प्राणघातक असतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांस अवश्य समजावून द्यावी.