आधी दप्तरवाल्याचा घसा बघा

हिवाळ्याच्या तोंडावर दोंडाईच्याच्या बाजारात लाल मिरची यायला लागली की गावात कोणाचा घसा कशाने खवखवतो, हे सांगणे अवघड होऊन बसते. पथाऱ्यांवर मिरची वाळत असते आणि तिचा खकाणा वाऱ्याबरोबर घराघरांत शिरतो. मोठी माणसे ठसकतात, शिंकतात, मिरचीला दोन शिव्या हासडतात आणि कामाला लागतात. पाळण्यातल्या बाळाला तेही करता येत नाही. ते किरकिरते, दूध अर्ध्यावर सोडते, रात्रभर घर जागे ठेवते. मग निदानांची चढाओढ लागते. आजीच्या मते पडजीभ पडलेली असते, मावशीच्या मते दात येत असतात. शेजारीण उंबऱ्यातूनच "पोऱ्याले काय व्हयनं?" असे विचारते आणि उत्तराची वाट न बघता दृष्ट काढायला सांगते. तेवढ्यात बाळाचे वडील मोटरसायकल काढून मेडिकलवर जातात आणि घशाचे औषध घेऊनही येतात.

या निदानांत अलीकडे 'स्ट्रेप' या शब्दाची भर पडली आहे. शिकलेल्या सुना तो बोलता बोलता वापरतात आणि सासवा घाबरतात. घाबरण्यासारखे त्यात काय आहे आणि काय नाही, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे.

स्ट्रेप म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू माळेत ओवलेल्या मण्यांसारखे दिसतात. १८७४ मध्ये बिलरोथ नावाच्या शल्यविशारदाने ग्रीक शब्द घेऊन त्यांचे बारसे केले. यांच्यातला 'अ' गट घशाच्या वाटेला जातो. पण प्रत्येक दुखऱ्या घशात तो बसलेला असतो, असे मुळीच नाही. शाळकरी मुलांच्या दहा दुखऱ्या घशांत दोन-तीन या जंतूंचे असतात. बाकीचे बहुतेक विषाणूंचे. ते आपल्या पावलांनी येतात आणि आपल्या पावलांनी जातात. तीन वर्षांच्या आतल्या मुलांत तर स्ट्रेपचा घसा क्वचितच आढळतो. नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, डोळे लाल आहेत, अशी लक्षणे एकत्र दिसली तर ते काम बहुधा विषाणूंचे. त्यावर अँटिबायोटिकचा काडीइतका उपयोग होत नाही. बाळाला जुलाब मात्र होऊ शकतात.

आता खरी अडचण. क्वचित का होईना, स्ट्रेप बाळाला होतो, आणि झाला तर पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. मोठ्या मुलाचे चित्र स्पष्ट असते. एकाएकी ताप, गिळताना कळ, गळ्याखाली दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. कधी डोके किंवा पोट दुखते, उलटी होते, खोकला मात्र जवळजवळ नसतो. बाळाचा ताप बेताचाच असतो. नाक दिवसेंदिवस घट्ट शेंबडाने वाहत राहते, नाकपुड्यांच्या कडा सोलवटून खपल्या धरतात, मानेत गाठी लागतात, दूध कमी होते. म्हणजे साध्या सर्दीसारखेच सगळे, फक्त लांबलेले. डॉक्टरांनाही ते नुसते बघून ओळखता येत नाही.

मग ओळखायचे कसे? इथे पाळण्यावरून नजर काढून घरात फिरवावी लागते. तान्ह्या बाळाला हा जंतू बहुतेकदा घरातूनच मिळतो. शाळेत जाणारा थोरला भाऊ किंवा बहीण खोकते, शिंकते, बाळाचा मुका घेते, आणि दोन ते पाच दिवसांनी बाळ किरकिरू लागते. म्हणूनच तीन वर्षांखालच्या मुलांची स्ट्रेपसाठी सरसकट तपासणी करू नये, पण घरात कोणाला तो झाला असेल तर जरूर विचार करावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. डॉक्टरकडे बाळाला नेताना थोरल्यालाही सोबत न्यावे आणि आधी त्या दप्तरवाल्याचा घसा दाखवावा. शंका आली तर घशातला स्वॅब घेतात. करोनाने तो शब्द आपल्या सगळ्यांना शिकवलाच आहे.

थोरल्याचा घसा बघायला सांगतो, त्याला आणखी मोठे कारण आहे. बाळाचे दुखणे बहुधा आठवडाभरात निवळते. थोरल्याची गोष्ट तिथेच संपेल याची खात्री नसते. पाच ते पंधरा या वयात उपचार न झालेल्या स्ट्रेपनंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो. जंतूशी लढण्यासाठी तयार झालेली शरीराची फौज स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. आज गुडघा सुजतो, चार दिवसांनी घोटा. सांधे पुढे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या खराब होऊ शकतात.

बँकेत असताना खान्देशातल्या एका शाखेत, १९९० नंतरच्या दशकात, सोनेतारणासाठी एक कापूस पिकवणारा शेतकरी आला होता. पत्नीची पोत आणि चार पाटल्या त्याने टेबलावर ठेवल्या. कारण विचारले तर म्हणाला, पोरीच्या हृदयाची झडप आक्रसली आहे, मुंबईला न्यायचे आहे. पोरगी चौदा वर्षांची. बाहेर बाकावर बसली होती आणि शाखेच्या चार पायऱ्या चढून आल्याची धाप अजून तिच्या खांद्यांत दिसत होती. लहानपणी तिचा घसा दुखायचा का, हे डॉक्टरांनी त्याला विचारले होते. त्यावर तो मला म्हणाला, "साहेब, घसा कोणाच्या पोराचा दुखत नाही?" गुडघे सुजले तेव्हा वाढीचे दुखणे म्हणून तेल चोळले होते. सराफाने सोने तोलले, मी रक्कम मंजूर केली. पुढे दोन वर्षे तो व्याज वेळच्या वेळी भरत राहिला.

आज त्याला पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या नसत्या, एवढा फरक पडला आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते आणि झडपेच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. पालघरहून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, तिच्या यादीतही हा हृदयरोग आहे. शाळेत डॉक्टर येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पण हे सारे झडप बिघडल्यानंतरचे. बिघडण्याआधीचा इलाज त्याहून कितीतरी जुना आणि स्वस्त आहे.

अमेरिकेतल्या वायोमिंग प्रांतात हवाई दलाच्या तळावर घसा दुखणाऱ्या जवानांना पेनिसिलीन देऊन पाहिले, आणि त्यामुळे ऱ्हुमॅटिक ताप टळतो हे १९५० मध्ये जगाला कळले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५५ मध्ये, आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन तयार होऊ लागले. इतके जंतू इतक्या औषधांना निर्ढावले, पण घशाच्या स्ट्रेपने पेनिसिलीनला अजून दाद दिली नाही असे झालेले नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत ते सुरू झाले तरी हृदय वाचते.

अट एकच, पेनिसिलीन किंवा त्याच्याच कुळातले अमॉक्सिसिलीन तोंडाने घ्यायचे तर दहा दिवस घ्यायचे. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल अंगणात पळू लागते, आणि बाटली फ्रिजच्या दारात जाऊन बसते. तीन हप्ते भरून कर्ज फिटले असे समजणारे कर्जदार मी पुष्कळ पाहिले आहेत. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारावी, मोजायला सोपे जाते. उरलेले औषध पुढच्या खेपेला बाळाला पाजणे तर अगदीच वाईट. डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. त्यांनी दहा दिवसांऐवजी एकच इंजेक्शन सुचवले तर तोही जुना, खात्रीचा मार्ग आहे. मात्र डॉक्टर 'औषध नको, पाणी पाजा' म्हणाले तर त्यांना कुचकामी ठरवू नये. सुई टोचतो तोच खरा डॉक्टर, ही आपल्याकडची समजूत फार पैसे खाते. औषध सुरू झाल्यावर साधारण चोवीस तासांनी मुलापासून इतरांना लागण होण्याची भीती उरत नाही. तोवर थोरल्याला बाळापासून वेगळे निजवावे, पेला-चमचा वेगळा ठेवावा.

डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये याच जंतूची मोठी साथ आली, काही मुले दगावली, औषधाचाही तुटवडा पडला. तिकडे राहणारी आपली मुले अशा वेळी रात्री-बेरात्री आई-वडिलांना फोन करतात आणि इकडून सल्ला जातो, मध चाटव. तोच सल्ला देऊ नये. एक वर्षाच्या आत मध वर्ज्य. त्यातून बॉट्युलिझम नावाची दुर्मिळ पण घातक विषबाधा होऊ शकते. पडजीभ उचलायला बाळाच्या घशात बोट घालणे, बिब्बा घालणे, हेही नको. अ‍ॅस्पिरिन तर कुठल्याच मुलाला नको. आईचे दूध चालू ठेवावे, थोडे थोडे आणि वारंवार. नाक चोंदले असेल तर पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब टाकावेत. ताप असेल तर डॉक्टरांनी वजनावरून सांगितले असेल तेवढेच पॅरासिटामॉल द्यावे. आजीने मांडीवर घेऊन थोपटण्याला मात्र अजून पर्याय निघालेला नाही.

काही वेळा सकाळची वाट पाहू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, लाळ गळत राहणे आणि दूध न गिळणे, सात-आठ तासांत लघवी न होणे, बाळ मलूल पडणे किंवा जागे न होणे, अंगावर खरखरीत लाल पुरळ. घशात करडा पापुद्रा आणि मान सुजलेली दिसली तर तो घटसर्प असू शकतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी चुकलेल्या बाळाला त्याची भीती जास्त. गावातल्या सरकारी रुग्णालयात आधी जावे. तिथून धुळ्याला न्यायला सांगितले तर वेळ घालवू नये. निघताना बाळाचे लसीकरणाचे कार्ड घ्यावे, आणि थोरल्याचा घसा कोणत्या तारखेपासून दुखतो आहे, ते एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावे.