रजिस्टरमधलं ‘ओके’

सेंट्रिफ्यूगल पंपाचं प्रॅक्टिकल आठवतंय? पहिली दोन रीडिंग्ज खरी घ्यायची आणि उरलेली सीनियरच्या जर्नलवरून ‘बसवायची’! मीही तेच केलं. ग्राफ इतका गुळगुळीत आला की सरांनी लगेच सही दिली. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत इनप्लांट ट्रेनिंगला गेलो आणि त्याच ग्राफने मला घाम फोडला.

माझं गाव वीर. आमच्याकडची कितीतरी माणसं महाड एमआयडीसीत ड्युटीला जातात, बाबाही त्यातलेच. ३ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली, कामगार दगावले. बाबांची कंपनी वेगळी. तरी त्यांचा फोन लागेपर्यंत आई ओट्याशी नुसती उभी होती. म्हणून ट्रेनिंगला (तेही तिसऱ्याच एका कंपनीत) माझ्या वाट्याला फायर पंपहाऊस आलं तेव्हा बाकीची पोरं हसली, मला हसू आलं नाही.

आता पहिला प्रश्न : विजेची मोटार असताना डिझेल पंप कशाला? सोपं आहे. आग लागली की वीज जाते, नाहीतर बंद करावी लागते. एरवी लाइनमधलं प्रेशर छोटा जॉकी पंप टिकवून धरतो. हायड्रंट उघडला की प्रेशर पडतं आणि मोटारीचा मोठा पंप सुरू होतो. तोही आला नाही, तर प्रेशर आणखी पडल्यावर डिझेल इंजिन आपोआप उठतं.

या इंजिनाची एक गंमत आहे. ऑटोवर असताना ऑइल प्रेशर कमी झालं किंवा इंजिन तापलं तर फक्त अलार्म वाजतो, इंजिन थांबत नाही. स्पीड हाताबाहेर गेला तरच ते स्वतःहून बंद पडतं. फिटरकाका म्हणाले, “तुझी गाडी तापली तर तू बाजूला घेतोस ना? हा बाजूला व्हायचा नाही, जळेपर्यंत पाणी देईल. म्हणून याच्याकडे आधीच बघायचं.”

मग ‘आधीच बघायला’ सुरुवात केली. ऑइल, कूलंट, बेल्ट. डिझेलची टाकी निदान दोन तृतीयांश भरलेली हवी. बॅटऱ्यांचे दोन सेट असतात. दोन्हींचं पाणी आणि टर्मिनल बघून, दोन्हींवर वेगवेगळं क्रँकिंग करून पाहायचं. इंजिन थंड ठेवणारं पाणी पंपाच्याच डिलिव्हरीतून हीट एक्स्चेंजरला जातं, तेव्हा त्या लाइनची जाळी साफ आणि व्हॉल्व्ह उघडे हवेत. सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, केसिंगमधली हवा काढून टाकलेली. ग्लँडमधून पाणी थेंब थेंब पडलं पाहिजे. अजिबात पडत नसेल तर पॅकिंग जळतं. शेवटी सिक्युरिटीला फोन, नाहीतर सायरन ऐकून सगळी कंपनी पळायची!

पंप होता मिनिटाला २२८० लिटर, ७ किलोचा. (दर चौरस सेंटीमीटरला ७ किलो, पण कारखान्यात नुसतं ‘सात किलो’ म्हणतात.) एनएफपीए २० या अमेरिकन मानकाप्रमाणे तीन ठिकाणी बघायचं. प्रवाह शून्य असताना प्रेशर १४० टक्क्यांच्या, म्हणजे ९.८ किलोच्या वर नको. १०० टक्के प्रवाहाला ७ किलो. आणि १५० टक्के, म्हणजे ३४२० लिटरला, निदान ६५ टक्के, म्हणजे ४.५५ किलो. खरं तर डिलिव्हरीतून सक्शनचं प्रेशर वजा करून येईल तो आकडा धरायचा.

इंजिन पहिल्याच क्रँकला उठलं. शून्य प्रवाहाला ९ किलो. रजिस्टरमध्ये दर आठवड्याला हाच आकडा आणि पुढे ‘ओके’. मग टाकीत परत जाणाऱ्या टेस्ट लाइनचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. फ्लो मीटर १८०० वर गेला आणि पंपात खडी टाकल्यासारखा आवाज यायला लागला. सक्शन गेजचा काटा व्हॅक्यूमकडे झुकला. ७ किलो सोडाच, प्रेशर ५ च्याही खाली! काकांनी व्हॉल्व्ह मिटला, इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवून निववलं आणि मग हाताने बंद केलं.

सक्शनची जाळी उघडली तर आत गाळ आणि कुजलेला पाला. २२ जुलै २०२१ च्या महापुराचं पाणी टाकीत शिरलं होतं, नंतर टाकी वरवर धुतली होती, असं काका म्हणाले.

मग दर आठवड्याचं ‘ओके’ खोटं होतं का? नाही! हीच तर मेख आहे. अडथळ्यातला लॉस प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. प्रवाह शून्य तर लॉसही शून्य. त्यामुळे जाळी निम्मी तुंबलेली असली तरी व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालवला की ९ किलो दिसणारच. दर आठवड्याची अर्ध्या तासाची चाचणी सांगते की इंजिन उठतं. पाणी मिळेल की नाही, हे वर्षातून एकदा पूर्ण प्रवाहावर घेतलेली चाचणीच सांगते. आग विझवायला तर प्रवाहच लागतो.

जाळी साफ करून पुन्हा चाचणी घेतली. २२८० ला ७ च्या थोडं वर, ३४२० ला ५. ते आकडे मी माझ्या हाताने रजिस्टरमध्ये लिहिले. घरी बाबांना विचारलं, “तुमच्याकडचा पंप फ्लोवर कधी चालवलाय?” ते म्हणाले, “विचारतो.”

आणि हो, या सेमला पंपाची सगळी रीडिंग्ज मी स्वतः घेतली. ग्राफ जरा वाकडा आलाय. सरांनी कारण विचारलं, तर सांगता येईल.