कानपूरचं रिव्हॉल्वर, खडकीची गोळी

मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात एखाद्याच्या कमरेला रिव्हॉल्वर दिसलं की बघणारा मनातल्या मनात हिशोब मांडतो. जमीन हायवेला लागून असणार, नाहीतर राजकारणात हात असणार, नाहीतर टोमॅटोचा रोखीचा व्यवहार मोठा असणार. हे चालवता येतं का, हा प्रश्न त्या हिशोबात येत नाही. मालकालाही तो क्वचितच पडतो. लाखा-सव्वालाखाची वस्तू, वर्षानुवर्षं कातडी म्यानात, आणि आजवर झाडलेल्या गोळ्या बोटांवर मोजण्याइतक्या. ट्रॅक्टर घेताना तो आधी शेतात चालवून बघणारा शेतकरी इथे मात्र परवान्याचं पुस्तक आणि एक फोटो यांवर खूश असतो. लग्नात, बैलगाडा घाटात, मोबाइलवरच्या रीलमध्ये ही वस्तू भरपूर पाहिली जाते. यंत्र म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळणारं रिव्हॉल्वर बहुतेक वेळा पॉइंट बत्तीसचं असतं. लष्कराच्या गोळ्यांची मापं इंग्रजांनी नागरिकांना बंद केली, कारण बराकीतून चोरलेलं काडतूस बाहेरच्या हत्यारात चालू नये. राज्य गेलं, पण ती रीत राहिली. नऊ एमएम, .३८, .४५५ ही मापं आजही ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये मोडतात. त्यात १९८० च्या दशकात खाजगी माणसाला परदेशी हत्यार आयात करायची वाटही बंद झाली. मग उरले सरकारी कारखाने. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ पिस्तूल आणि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर, एवढ्यावर परवानाधारकांच्या दोन पिढ्या निघाल्या.

कानपूरच्या या रिव्हॉल्वरचं घराणं वेबलीचं. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेबलीचं जे रिव्हॉल्वर घेतलं, त्याची खूण म्हणजे ते मधोमध मोडतं. खिट्टी दाबली की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. बघायला मोठी देखणी क्रिया आहे. पण बिजागरी आली की झीज आली, आणि खिट्टी सैल झाली की नेम गेला. २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने टायटॅनियम मिश्रधातूचं अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’ काढलं. दिल्लीच्या निर्भयाची आठवण नावात आणि किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात. स्त्रियांसाठीचं रिव्हॉल्वर म्हणून त्याची जाहिरात झाली. दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत ते विकायला ठेवलं, यावरून ते कुणाच्या पर्समध्ये जाणार होतं हे कळतं. शेतावरून एकटी घरी येणारी बाई त्या हिशोबात नव्हतीच.

खरा यांत्रिक बदल आला तो १८ ऑगस्ट २०२३ ला, ‘प्रबल’ बाजारात आलं तेव्हा. आयुध निर्माणी मंडळाचे २०२१ मध्ये सात तुकडे झाले, त्यातल्या कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीचं हे रिव्हॉल्वर. माप तेच, पॉइंट बत्तीस. नळी ७६ मिलिमीटर. फरक असा की हे मोडत नाही. सिलिंडर डाव्या बाजूला उघडतं, म्हणजे वरची पट्टी, नळी आणि मूठ ही सगळी चौकट अखंड राहते. जगात ही पद्धत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आपल्या कारखान्याला ती आत्ता सुचली. पुंगळ्या मात्र आता आपोआप उडत नाहीत, नळीखालची दांडी तळहाताने मागे ढकलावी लागते. कंपनी पन्नास मीटरचा पल्ला सांगते. गोळी तिथवर जातेही. माणसाचा हात तिथवर जात नाही, हे रेंजवर पाच मिनिटांत कळतं.

आणि ते कळतं चापामुळे. पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या जगात ज्याला ‘डबल अॅक्शन’ म्हणतात, त्यात चाप एकाच ओढीत तीन कामं करतो. आधी सिलिंडर एक घर पुढे फिरवतो, सोबत घोडा (हॅमर) मागे ताणत नेतो, आणि शेवटी सोडून देतो. त्यामुळे ओढ लांब आणि जड. रिव्हॉल्वरमध्ये ती साधारण पाच-सहा किलोंची असते. अंगठ्याने घोडा आधीच मागे ओढून ठेवला तर चापाला फक्त सोडण्याचं काम उरतं, ओढ एकदम हलकी होते, नेमही सुधारतो. ही झाली ‘सिंगल अॅक्शन’. सिनेमातला नायक नेहमी घोडा ओढून बोलतो. खऱ्या प्रसंगात ओढलेला घोडा आणि थरथरतं बोट यांच्यासारखी वाईट जोडी नाही.

म्हणूनच काही यंत्रांतून सिंगल अॅक्शन काढूनच टाकली जाते. इंग्लंडमध्ये १९३८ मध्ये एनफील्ड रिव्हॉल्वरच्या घोड्याचा वरचा काटा कापला गेला, कारण रणगाड्यात चढता-उतरताना तो कपड्यांत, दोऱ्यांत अडकायचा. काटा नाही म्हणजे अंगठ्याने ओढणं नाही, प्रत्येक गोळी लांब ओढीचीच. सैनिक कुरकुरले की आता नेम लागत नाही. आज जगभर खिशात मावणारी ‘फक्त डबल अॅक्शन’ पिस्तुलं निघतात, त्यांचे नवे मालक रेंजवरून परत येऊन नेमकी हीच कुरकुर करतात. माझं मत त्या कापणाऱ्याच्या बाजूने आहे. जी वस्तू कमरेला वा कपाटात राहणार आहे, तिची लांब ओढ हा दोष नव्हे. वेगळं सेफ्टीचं बटण नसलेल्या रिव्हॉल्वरची तीच तर सेफ्टी आहे. बोटाने मनापासून ठरवल्याशिवाय ते सुटत नाही.

पण त्या बोटाला सवय हवी. मंचरपासून बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल साठेक किलोमीटर, तिथे नेमबाजीची रेंज आहे. तिथली मुलं ज्या पिस्तुलाने पंचवीस मीटरवर सराव करतात, त्याच्या चापाचं वजन नियमाने किमान एक किलो असतं, दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचं तर अर्धा किलो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात. तेवढ्या हलक्या चापावर हुकमत यायला त्या खेळाडूंची वर्षं जातात. आपला परवानाधारक त्याच्या पाच-सहापट जड चापावर पहिल्याच दिवशी बुल मागतो.

काय होतं ते ठरलेलं आहे. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या कागदावर खाली आणि डावीकडे पडतात. ओढ संपत येते तसा माणूस अधीर होतो, शेवटच्या सुतावर चाप हिसकतो, आणि सगळी मूठच खाली वळते. माणूस दोष देतो माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या काट्याला. छोट्या नळीवर माशी आणि मागची खाच यांच्यात अंतरच कमी, त्यामुळे केसाइतकी चूक कागदावर बोटभर दिसते, हे खरं आहे. पण तेच रिव्हॉल्वर घोडा ओढून चालवलं की गोळ्या एकत्र येतात, म्हणजे माशीचा गुन्हा नाही. झटक्याची सगळ्यांना धास्ती असते, तो मात्र अगदीच सौम्य निघतो. आवाज मात्र सौम्य नसतो. कानाला मफ लावल्याशिवाय हे कधी झाडू नये, आणि बंद खोलीत झाडलं तर काय होईल याचा अंदाज त्या मफमधूनही येतो.

झटका सौम्य, कारण गोळीच सौम्य. पॉइंट बत्तीस ‘एस अँड डब्ल्यू लाँग’ हे काडतूस अमेरिकेत १८९६ च्या सुमारास निघालं. नळीतून बाहेर पडताना गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, नऊ एमएमच्या साधारण एक तृतीयांश. हत्यारांच्या दुकानात तिची चेष्टा होते. पण पंचवीस मीटर सेंटर फायर या स्पर्धाप्रकारात जगभरचे नेमबाज हेच काडतूस, सपाट नाकाच्या गोळीचं, पसंत करतात, कारण त्याचा झटका सौम्य आहे आणि ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतं. जसपाल राणाने २००६ मध्ये दोह्याला विश्वविक्रमाशी बरोबरी करत ५९० गुण मिळवले ते याच प्रकारात. कमजोर म्हणून जिला नाक मुरडलं जातं ती गोळी शिकण्यासाठी मात्र उत्तम आहे.

ही गोळी आपल्याच पुणे जिल्ह्यातली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं असतात, ती खडकीच्या कारखान्याची. बारा बोअरच्या जुन्या बंदुका ज्यांच्या घरी होत्या, त्यांना ‘शक्तिमान’ काडतुसंही याच कारखान्याची म्हणून ठाऊक असतील. म्हणजे रिव्हॉल्वर गंगेकाठचं आणि गोळी मुळा-मुठेच्या काठची. पण किती काडतुसं घ्यायची यावर परवान्याची मर्यादा आहे आणि प्रत्येकाची नोंद आहे. सराव का होत नाही याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे घेतलेली काडतुसं ‘वेळेला असू देत’ म्हणून तशीच ठेवण्याची आपली काटकसर.

परवान्याची कथा जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत जुनी आहे. आंबेगावच्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला तो १८७३ मध्ये, पकडला गेला १८७६ मध्ये. लॉर्ड लिटनचा शस्त्र कायदा आला १८७८ मध्ये. तो काही एकट्या होन्यासाठी केला नव्हता, पण सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसाच्या हातात बंदूक नको, ही सरकारची इच्छा अशाच उठावांनी पक्की झाली. आज १९५९ चा कायदा आणि २०१६ चे नियम आहेत. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला लागतो, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत पाच वर्षं केली, आणि आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली. वरातीत हात वर करणाऱ्यांपैकी हे कितीजणांना माहीत असेल, शंका आहे.

आता बिबट्या. जुन्नर-आंबेगावात हत्याराचं नाव काढलं की बोलणं पाच मिनिटांत उसात शिरतं. रात्रीच्या लाइटला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाची भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण कमरेचं रिव्हॉल्वर तिच्यावरचा उतारा नव्हे. बिबट्या येतो मागून, बसलेल्या-वाकलेल्या माणसावर, आणि त्या क्षणी म्यानाचं बटण उघडण्याइतकाही वेळ नसतो. दीडशे ज्यूलच्या गोळीने तो मरणार तर नाहीच, जखमी होऊन पुन्हा उसात जाईल आणि पुढच्या माणसाला भारी पडेल. २०२५ च्या नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला माणसं मारणाऱ्या बिबट्याला संपवायला वन विभागाला खास नेमबाज बोलवावे लागले, यावरून कामाची जात कळावी. वन्यजीव कायद्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. मात्र तो प्रसंग खरोखर तसा होता, हे पुढे सिद्ध करावं लागतं.

याच कायद्यातलं एक कलम पश्चिमेकडच्या गावांना फारसं कुणी सांगत नाही. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि जुन्या परवानाधारकांनी आपली नोंद करायची असते. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. म्हणजे डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची कितीतरी गावं या कक्षेत येतात. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक, हा शस्त्र कायद्याने मानलेला हेतू आहे. तो हेतू जिथे खरा आहे तिथेच कागद दुप्पट लागतात. हायवेवरच्या रिव्हॉल्वरवाल्याला ही अडचण नाही.

त्याची अडचण निवडणूक. आचारसंहिता लागली की छाननी समिती बसते, आणि ज्यांची नावं निघतात त्यांना आपलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात झाल्या. ठाण्यातून परत आणलेलं हत्यार बहुतेक मालक तसंच कमरेला लावतात. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करावी, नळीत बत्ती मारून गंजाचे ठिपके आहेत का बघावं, घरांतून तेलाचा बोळा फिरवावा. मग भिंतीकडे तोंड करून, सरावाची नकली काडतुसं भरून, लांब ओढ शेवटपर्यंत सावकाश ओढावी, माशी हलता कामा नये. ओढीत कुठे खरखर लागली किंवा सिलिंडर घरावर बसायच्या आधीच घोडा सुटला, तर ते कमरेला न लावता परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यावं.