थेंब मोजून राकेलाचा पृष्ठताण कसा काढावा

अळवाच्या पानावर पाणी टाकले असता त्याचे मोती होऊन घरंगळतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्याच पानावर राकेलाचा एक थेंब टाकून पाहावा. तो मोती न होता पसरून पान भिजवितो. असे का व्हावे, व ह्या फरकाचे माप शेतकऱ्यास घरी घेता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या मनात हा प्रश्न उपजला तो नुकसानीतून. काही वर्षांपूर्वी परसातील घेवड्यावर मावा पडला, तेव्हा जुन्या रीतीप्रमाणे आम्ही राकेल व साबणाचे पाणी पंपात ओतून फवारणी केली. साबण थोडा, आणि ढवळणे त्याहून थोडे. राकेल वर तरंगले. पंप तळातून ओढीत असल्यामुळे पहिल्या वेलांस नुसते पाणी मिळाले व शेवटच्या दोन ओळींस निव्वळ राकेल. त्या ओळी दोन दिवसांत करपल्या; पहिल्या ओळींवरील मावा मात्र सुखरूप राहिला!

द्रवाचे कण एकमेकांस ओढून धरितात, सबब त्याचे पृष्ठ ताणलेल्या कातड्यासारखे वागते व आकसू पाहते. ह्यासच पृष्ठताण म्हणतात. पाण्याच्या कणांची ओढ मोठी. राकेल, डिझेल, पेट्रोल ही कर्ब व हायड्रोजन ह्यांच्या संयुगांची, म्हणजे हायड्रोकार्बनांची, मिश्रणे होत. त्यांच्या कणांची ओढ बेताची. एक ग्रॅम वजनाच्या जोराचे 981 भाग केले असता एक भाग तो एक डाइन. 20 अंश सेंटिग्रेड उष्णतेस पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरास सुमारे 73 डाइन भरतो, हेक्झेनचा 18.4, ऑक्टेनचा 21.6, डेकेनचा 23.8 व बेन्झीनचा 28.9. उष्णता वाढली की हे आकडे उतरतात.

प्रयोगशाळेत प्लॅटिनमची कडी द्रवास टेकवून ती वर ओढण्यास किती जोर लागतो ते पाहतात. आपणांस ते यंत्र नको. नळीच्या टोकावरून सुटणाऱ्या थेंबाचे वजन पृष्ठताणाच्या प्रमाणात असते, असा नियम टेट ह्यांनी 1864 साली मांडला. कातडे बळकट असेल तर थेंब मोठा होईपर्यंत लोंबतो, दुबळे असेल तर लवकर तुटतो.

गावच्या शाळेतून ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली तोटीची काचनळी, मागून आणावी. तोटी टेफ्लॉनची असावी. काचेच्या तोटीस ग्रीस लावतात व राकेल ते विरघळविते. टोकास हात लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणा पाण्याचा पृष्ठताण पाडतो. आधी पाणी मोजावे, मग नळी कोरडी करून राकेल. तीन-चार सेकंदांस एक थेंब, ह्याहून घाई नको. जवळ दिवा वा विडी नसावी, हे सांगावयास नकोच.

आमच्या नळीतून 5 घनसेंटिमीटर पाण्याचे 100 थेंब पडले, तितक्याच राकेलाचे 220. येथे नवशिका फसतो. नुसता थेंबांचा भागाकार केल्यास राकेलाचा पृष्ठताण पाण्याच्या शेकडा 45 दिसेल. पण राकेल हलके आहे. 100 घनसेंटिमीटर राकेल सोनाराच्या काट्यावर 80 ग्रॅम भरले. म्हणून 45 ला 0.80 ने गुणावे. शेकडा 36 येतात. 25 अंशांस पाण्याचे 72 डाइन धरले, तर राकेलाचे सुमारे 26. थेंब सगळाच सुटत नाही, काही भाग टोकास चिकटून राहतो. त्याची दुरुस्ती हार्किन्स व ब्राउन ह्यांनी 1919 साली काढून दिली. ती न केल्यास उत्तरात थोडी चूक राहते, आपल्या कामास ती चालेल. मात्र मोजणी तीनदा करावी. महसूल खात्यात पीककापणीचे प्रयोग आम्ही पुष्कळ पाहिले. एकाच वाफ्यावरून आणेवारी ठरविणाऱ्याचे काय होते ते आम्हांस विचारा.

राकेलात डिझेल मिसळले काय, हे ह्या रीतीने ओळखू येईल, अशी आशा मात्र कोणी धरू नये. दोहोंचे आकडे फार जवळ आहेत.

खरा उपयोग साबणाच्या पाण्यास होतो. त्याचे वजन पाण्याइतकेच, सबब थेंब मोजले की पुरे. साबण वाढवीत गेले म्हणजे थेंबांची संख्या वाढते व एका मर्यादेस येऊन थांबते. पुढचा साबण पृष्ठताण कमी करीत नाही. आमच्या विहिरीचे पाणी चुनखडीचे. प्रथम घातलेला साबण चोथा होऊन वाया गेला व संख्या शंभरावरून हलेचना. पुढे ती चढत 230 च्या सुमारास थांबली. पावसाच्या पाण्यात तीच संख्या निम्म्याहून कमी साबणात आली. घेवड्याच्या वेळी आम्ही घातलेला साबण सगळा चुन्याने खाल्ला होता, हे तेव्हा उमगले. आता पिकावर आम्ही राकेल घालीतच नाही. फवारणीसाठी शुद्ध केलेली खनिज तेले पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्यासह तयार मिळतात; तीही पंपात ओतण्यापूर्वी बाटलीभर विहिरीच्या पाण्यात ढवळून घटकाभर ठेवतो, व तेल वर आले नाही तरच पंप भरतो.