आकड्यांना चिकटलेली अक्षरे

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात महानिर्मितीचे 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, शिवाय 210 मेगावॅटचा सहावा संच. आपल्याला हे वाचताक्षणी कळते. संगणकाला मात्र रकान्यात '660 मेगावॅट' असे लिहून दिले, की तो त्याला आकडा मानतच नाही. मग बेरीज होत नाही, सरासरीही निघत नाही.

ही अक्षरे काढून टाकणारे 'आर' या संख्याशास्त्रीय भाषेतले हत्यार म्हणजे 'जीसब'. काय शोधायचे, त्या जागी काय ठेवायचे आणि कुठल्या रकान्यात, एवढे त्याला सांगायचे. खरी करामत 'काय शोधायचे' यात आहे. तिथे नेमका शब्द देता येतो, नाहीतर 'अंक आणि दशांशचिन्ह सोडून सगळे' असा नमुना. अशा नमुन्यांचे गणित स्टीफन क्लीनी या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात मांडले आणि 1968 मध्ये केन थॉम्प्सन यांनी ते मजकूर शोधायच्या कामाला जुंपले. 'आर' त्यानंतर बऱ्याच वर्षांनी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात जन्मली.

हा सरसकट नमुना सोपा, म्हणूनच घातक. समजा, रकान्यात '210 मेगावॅट (संच 6)' असे लिहिले आहे. अंक सोडून सगळे उडवले की उरते 2106. संगणक हूं की चूं करत नाही, कारण 2106 हा रीतसर आकडा आहे. शेजारच्या '660 मेगावॅट'चे तेवढ्यात बिनचूक 660 झालेले असते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. 'पार्स नंबर' हे दुसरे हत्यार पहिली अख्खी संख्या उचलते, म्हणून 210 बरोबर मिळतात. पण तेच 'संच 6 : 210' असे लिहिले असेल, तर हाती सहाच येतात.

त्याहून गंभीर गोष्ट धुराड्याची. डिसेंबर 2015 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार कोराडीतल्या 660च्या संचांसारख्या नव्या संचांना पाऱ्याची मर्यादा दर घनमीटरला 0.03 मिलिग्रॅम आहे. पारा उपकरणाच्या पकडीपेक्षा कमी असेल, तर प्रयोगशाळा '<0.005' अशा धर्तीवर लिहिते. ते चिन्ह 'जीसब'ने पुसले की 'याहून कमी' असलेले मूल्य 'नेमके एवढेच' होऊन बसते. न पुसता थेट आकड्यात बदलायला गेलो, तर 'आर' तिथे 'एनए' टाकते, म्हणजे मूल्यच नाही. एकात सरासरी फसवी होते. दुसऱ्यात सर्वांत स्वच्छ दिवस हिशेबातून गळतात आणि धूर आहे त्याहून घाण दिसतो. माझ्या मते ते चिन्ह कचरा नव्हेच, ते मोजमापच आहे.

म्हणून पुसण्याआधी '<' असलेल्या ओळींची खूण वेगळ्या रकान्यात करून ठेवा. मूळ रकान्याला हात लावू नका, स्वच्छ आकडे नव्या रकान्यात घ्या आणि सर्वांत मोठे व सर्वांत लहान मूल्य डोळ्यांखालून घाला. 2106 तिथे लगेच सापडेल.